‘अनपेक्षित’ हा शब्द मागे घ्या

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयाचे पत्र आले. माझ्या मुलीच्या लग्नात सात जण भाजले, ती घटना ‘अनपेक्षित अपघात’ असून कोणाचाही दोष आढळत नसल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे, असे त्यात कळवले आहे. पाकीट मुलीनेच उघडले, आणि तेही दातांनी, कारण तिच्या डाव्या हाताची बोटे अजून मिटत नाहीत. महिनाभरात सर्व सभागृहांची तपासणी करून कडक नियम काढू, असे आपण रुग्णालयात तिच्या खाटेशी उभे राहून म्हणाला होता. त्याला अकरा महिने झाले. तपासणी झाली नाही, नियमही निघाला नाही.

त्या संध्याकाळी मुलगी आणि जावई फुग्यांचा मोठा घोस धरून व्यासपीठाकडे येत असताना दोन्ही बाजूंनी ‘कोल्ड पायरो’ची, म्हणजे ठिणग्यांची कारंजी सुरू झाली. ‘भप्प’ असा दबका आवाज झाला आणि त्यांच्या डोक्यावर जाळाचा लोळ उठला. तिच्या भुवया आणि पापण्या क्षणात गेल्या. वितळलेले रबर मनगटांना चिकटले होते. ते ओढू नये हे मला ठाऊक नव्हते, म्हणून मी ते ओढले आणि त्याबरोबर कातडी निघाली. माझ्या हातून झालेली ती गोष्ट मला आजही झोपू देत नाही. कोणी बर्फ आणला, कोणी टूथपेस्ट. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा, असे सांगणारा एकही माणूस तिथे नव्हता, आणि आग विझवण्याचा सिलिंडर पडद्यामागे, खुर्च्यांच्या थप्पीआड सापडला. त्यानंतर त्वचारोपणाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. लग्नाचा एकही फोटो आम्ही अजून पाहिलेला नाही.

महोदय, यात अनपेक्षित काय होते? हेलियम पेटत नाही, पण तो महाग पडतो, म्हणून फुग्यांत हायड्रोजन भरला होता. हवेत त्याचे प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की तो पेट घेतो, आणि त्यासाठी कपड्यांच्या घर्षणातून उडणारी ठिणगीसुद्धा पुरते. इथे तर ठिणग्यांची कारंजीच लावली होती. ६ मे १९३७ रोजी हायड्रोजनने भरलेले हिंडेनबर्ग हे अवाढव्य फुग्यासारखे हवाई जहाज जळाले आणि ३६ जण मृत्युमुखी पडले, म्हणजे हा धडा जगाला मिळून ऐंशीहून अधिक वर्षे झाली. ‘कोल्ड’ म्हणवणाऱ्या त्या यंत्रातून उडतात त्या धातूच्या भुकटीच्या जळत्या ठिणग्याच. इराकमधील हमदानिया येथे २६ सप्टेंबर २०२३ रोजी एका लग्नात आतषबाजीच्या ठिणग्यांनी छताची सजावट पेटली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. तेव्हाच आपल्या खात्यातील एखाद्या अधिकाऱ्याने आपल्याकडील सभागृहांच्या छतांकडे मान वर करून पाहायला हवे होते.

आमच्या तक्रारीचा प्रवासही ऐका. अग्निशमन विभाग म्हणाला, इमारतीचा परवाना आमच्याकडे नाही. परवाना देणारा विभाग म्हणाला, सजावट आमच्या कक्षेत येत नाही. पोलीस म्हणाले, हेतू दिसत नाही. सभागृहाच्या मालकाने सजावटकाराकडे बोट दाखवले आणि सजावटकाराने फुगेवाल्याकडे. तो फुगेवाला म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. तोही हात भाजून घेऊन आमच्याच वॉर्डात पडला होता. एवढ्या मोठ्या यंत्रणेला चौकशीसाठी तोच एक सापडला! प्रत्येक खात्याचे काम दुसऱ्या खात्याच्या उंबरठ्याशी संपत असेल, तर आम्ही कर भरून नेमके काय उभे केले आहे?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. फुग्यांत हायड्रोजन भरण्यावर बंदी घाला, बंद सभागृहातील ठिणग्यांची यंत्रे थांबवा, आणि प्रत्येक समारंभाआधी बाहेर पडण्याचे मार्ग व आग विझवण्याची साधने तपासून सही करणारा एक जबाबदार अधिकारी नेमा.

आपल्या कार्यालयाचे पत्र मी याच टपालाने परत पाठवत आहे. त्यातील ‘अनपेक्षित’ या शब्दाखाली मुलीने उजव्या हाताने लाल रेघ ओढली आहे. तो शब्द काढून, आपल्या सहीचे नवे पत्र तिच्या नावे पाठवावे.

आपली,
एका नववधूची आई