गाडीतली रिकामी जागा आणि कपाटातली दुर्बीण हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या वसंतात आपल्या मंडळाची रविवारची फेरी मेलबर्नजवळ, लारा गावाशेजारच्या सेरेंडिप अभयारण्यात गेली होती. मुलीकडे राहायला आलेले गोंदियाचे एक आजोबा सोबत होते. ब्रोल्गा, म्हणजे इथला क्रौंच, दिसला आणि ते जागीच थबकले. "अरे, हा तर आपला सारस!" मग त्यांनीच नातवाला फरक समजावला. सारसाचा लाल रंग मानेवर खाली उतरतो, याचा डोक्यालाच थांबतो. सारसाचे पाय गुलाबी, याचे काळपट. दोघे भाऊबंदच, नाचण्याची हौसही तीच. भाताच्या बांध्यांत सारसाची जोडी बघत वाढलेले ते गृहस्थ परतीच्या वाटेवर सगळा वेळ बोलत होते. एरवी घरातली माणसं कामाला आणि शाळेला गेली की संध्याकाळपर्यंत त्यांना सोबत फक्त टीव्हीची, असं मुलीने नंतर सांगितलं.

ऐनवेळी एका गाडीत जागा रिकामी झाली, म्हणून त्यांना नेता आलं. बाकीच्या कितीतरी जणांना आपण दर वेळी नाही म्हणतो. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टार्नेट, पॉइंट कुक, वेरिबी भागात नव्याने आलेल्या कुटुंबांकडे बहुधा गाडी नसते. लाराला रेल्वे स्टेशन आहे, पण तिथून मुलं-पिशव्या घेऊन अभयारण्यापर्यंत चालत जाणं जमण्यासारखं नाही. गाडीने मात्र वेरिबीहून साधारण अर्ध्या तासाचा रस्ता. प्रवेश फुकट. करड्या कांगारूंचे कळप मोकळे चरत असतात, एमू वाटेत आडवे येतात. व्हिक्टोरियातून एकेकाळी नाहीसा झालेला मॅगपाय गूज हा काळा-पांढरा पाणपक्षी पुन्हा रुजवण्याचं काम याच जागी झालं. मेलबर्नमध्ये राहून मुलांनी कांगारू फक्त पुस्तकात पाहावा, हे आम्हाला बरं वाटत नाही.

शेजारीच यू यँग्सचे डोंगर आहेत. ही वाथारुंग या इथल्या आदिवासी लोकांची भूमी. सर्वांत उंच शिखर 319 मीटरचं. इथे रानातला कोआला दिसतो, पण शोधावा लागतो. युकॅलिप्टसच्या बेचक्यात राखाडी गोळा दिसतो का ते पाहायचं, खोडावर नखांचे ओरखडे आणि बुंध्याशी ताज्या लेंड्या आहेत का ते बघायचं. दिवसातले अठरा-वीस तास तो झोपलेलाच असतो, त्यामुळे उघड्या डोळ्यांना फांदीची गाठच वाटते. मागच्या फेरीत पंधरा मुलांमध्ये दोन दुर्बिणी होत्या. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत कोआलाने पाठ फिरवली होती. ते मूल रडलं नाही, गप्प झालं, आणि ते आम्हाला जास्त लागलं.

तर आमचं मागणं असं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तुमच्या गाडीत एक-दोन जागा रिकाम्या असतील तर कळवा. वापरात नसलेली दुर्बीण द्या; 8 बाय 42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) असली तर उत्तम, पण कुठलीही चालेल. सर्वांत जास्त अडतं ते मुलांच्या सीटपाशी. सात वर्षांखालच्या मुलाला योग्य सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही, त्यामुळे जागा असूनही आपण कुटुंबाला नेऊ शकत नाही. जुनी सीट देणार असाल तर ती अपघातातली नसावी आणि तयार झाल्याला 10 वर्षं झालेली नसावीत. नवी सीट घेण्यासाठी पाच-दहा डॉलर दिलेत तरी हातभार लागेल. हिशेब दर तिमाहीला मराठी शाळेच्या फलकावर लावू.

आणखी एक मागणं आहे, हातांचं. यू यँग्समध्ये बोनसीड नावाचं दक्षिण आफ्रिकेतून आलेलं झुडूप माजलं आहे. पिवळ्या फुलांमुळे दिसायला गोड, पण खालची स्थानिक झाडं ते दाबून टाकतं. मुळं उथळ असल्याने लहान मूलही ते उपटू शकतं. बी धरण्याआधी उपटलं पाहिजे, कारण बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. ज्या रानात आपण मुलांना घेऊन हिंडतो, तिथे वर्षातून एक सकाळ राबावं असं आम्हाला मनापासून वाटतं. परवानगीचं आम्ही बघू. तुम्ही हातमोजे, टोपी आणि पाणी घेऊन या.

येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. डब्यातली पोळी, चिवडा, फळाची फोड काहीही एमूला किंवा बदकांना घालू नका. आजी-आजोबांना हे आधीच प्रेमाने सांगून ठेवा, कारण घास देण्याची सवय आपल्या हातात मुरलेली आहे. आणि आपण ऊन उतरण्याआधीच परत निघतो. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, त्यात त्यांचाही जीव जातो आणि गाडीतल्यांचाही जाऊ शकतो.

नावं मराठी शाळेत रविवारी सकाळी लिहून घेतो. नोव्हेंबरच्या फेरीसाठी आजवर तीन कुटुंबं आणि सोलापूरच्या एक आजी थांबल्या आहेत. गाडी एकच ठरली आहे.