सोनोग्राफी मोफत केलीत, ती करणारा डॉक्टर कधी देणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

१५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. निर्णय चांगला होता, आम्हाला आनंदच झाला. पण गेल्या महिन्यात आईला घेऊन आमच्या सरकारी रुग्णालयात गेलो, तर सोनोग्राफीच्या खोलीला कुलूप. मशीन आत आहे, रेडिओलॉजिस्टची जागा रिकामी आहे. बाहेरचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि गरोदर बायकांची यादी संपली तरच पोटाचे पेशंट घेतात. मोफत केसपेपरवर लिहून मिळालं, ‘सोनोग्राफी बाहेरून करून आणणे’.

आईच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं, जेवण झालं की पाठीपर्यंत कळा जायच्या. कधी पित्त म्हणून, कधी गॅस म्हणून गोळ्या दिल्या. पित्ताशयातले खडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाहीत. सोनोग्राफीत दिसतात. उपाशीपोटी झोपवून काही मिनिटांत होणारी तपासणी, भूल नाही, इंजेक्शन नाही. पैसे जमवून ती खासगीत करेपर्यंत आईचे डोळे पिवळेजर्द झाले होते, थंडी वाजून ताप भरत होता. खडा पित्तनलिकेत उतरला होता. नेमका कुठे अडकलाय ते बघायला एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, तोही नागपूरला. मग ईआरसीपी करून, तोंडातून दुर्बीण घालून खडा काढला, पित्तनलिका उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे छोटी नळी, टाकला. नागपूरच्या वाटेवर आई जीपच्या मागच्या सीटवर अंगाचं मुटकुळं करून पडली होती आणि मी पुढे बसून फोनवर एकेकाकडे पैसे मागत होतो. सोयाबीन अजून शेतात होतं, त्याचे पैसे आधीच संपले.

महात्मा फुले योजनेचं कार्ड होतं हो खिशात. पाच लाखांचं संरक्षण! पण ते माणूस भरती झाल्यावर. भरती कशासाठी करायचं, हे ज्या तपासणीतून कळतं तिचे पैसे गरिबाने कुठून आणायचे?

मशीन कुणीही चालवावं असं मी म्हणत नाही. गर्भलिंग निदान रोखणारा १९९४ चा कायदा हवाच. पण त्याच कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन पोटाची सोनोग्राफी करायची वाट मोकळी केली आहे. आमच्या तालुक्यातून कुणाला पाठवलंत? २०१५ पासून केंद्राच्या मोफत निदान सेवेत जिल्हा रुग्णालयाचा सीटी स्कॅन आहे, दूरच्या तज्ज्ञाकडून रिपोर्ट मागवायची सोय आहे. आमच्यापर्यंत त्यातलं काय आलं?

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, राज्यांनी २०२० पर्यंत बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर घालावा. महाराष्ट्र आजही त्याच्या जवळपास नाही. इमारतीला पैसा निघतो, मशीन खरेदीला निघतो, माणूस नेमायचा म्हटला की फाइल अडते. दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेत मास्तर नाही, आणि निवडणुकीत मात्र प्रत्येक बूथवर माणूस हजर असतो!

आईचा स्टेंट काढायचाय, पित्ताशयाचं ऑपरेशन बाकी आहे. आमच्या रुग्णालयातली रेडिओलॉजिस्टची जागा कोणत्या तारखेपर्यंत भरणार, ते लेखी कळवा. आणि ती भरेपर्यंत बाहेर कराव्या लागणाऱ्या प्रत्येक सोनोग्राफीचं बिल सरकारने द्यावं.

आपला,
विदर्भातला एक शेतकरी