किल्ली कोणाकडे

चाकण

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, आमच्या कंपनीत काही झालं असं तुझ्या कानावर आलं म्हणे. झालं नाही, टळलं. काय ते मीच सांगते.

मागच्या मंगळवारी कंप्रेसरच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, बदलायचा होता. परमिट घेतलं, ब्रेकर बंद केला, त्याला माझं लाल कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. बरोबरच्या पोराने लगेच स्क्रूड्रायव्हर उचलला. त्याला थांबवलं. मीटर आधी चालू बोर्डावर लावून पाहिला, कारण मीटरच बिघडलेला असला तर तो मेलेलीच लाईन दाखवणार. मग पॅनल तपासलं. तिन्ही फेज मेलेले, पण खालच्या कंट्रोलच्या पट्टीवर २३० व्होल्ट! हीटरची सप्लाय दुसऱ्याच पॅनलमधून आली होती आणि ड्रॉइंगमध्ये ती कुठेच नव्हती. तिथेही कुलूप घातलं, पुन्हा सगळं तपासलं, मग हात घातला. जेवणाची सुट्टी त्यातच गेली. सुपरवायझर कुरकुरला, तो रोजच कुरकुरतो.

बाबा, तुम्ही म्हणाल, एवढी नाटकं कशाला. वायर उलट्या हाताने चाचपावी, म्हणजे मूठ वळली तरी ती धरली जात नाही, हे मला तुम्हीच शिकवलं. खरंय ते. पण तुमच्या मांडीत रॉड आहे तो वायर चिकटली म्हणून नाही. झटक्याने शिडीवरून पडलात म्हणून आहे.

आणि विहिरीवरच्या मोटरला एमसीबी आहे, हे मला सांगू नका. तो वायर जळू नये म्हणून असतो. १५ वॅटचा झिरोचा बल्ब साधारण ६५ मिलिअँपिअर घेतो, तेवढा करंट छातीतून गेला तर माणूस जाऊ शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पाठवते आहे, तेवढा करंट गळला की तो सप्लाय तोडतो. स्वतः बसवू नका, वायरमन बोलवा आणि अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्या. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबायचं, तेवढं मात्र तुमचं काम.

डीपीवर फ्यूज टाकायला लोक अजून तुम्हालाच बोलावतात, हे मला आईने सांगितलं (तिच्यावर चिडू नका). पलीकडच्या वस्तीवर कोणी जनरेटर उलटा जोडला असेल, तर बंद लाईनीतही करंट येतो. खालून टेस्टर लावून ते कळणार नाही. लाईनमनला फोन करा. तो उशिरा आला तर एक पाळी पाणी चुकेल, चुकू दे.

पार्सलमध्ये एक लाल कुलूपही आहे, आमच्याकडच्यासारखं. मोटरच्या स्टार्टरपेटीला घाला. किल्ली आईकडे राहील.

तुमची,
ताई