भंडाऱ्याचा रंग आणि न कापलेला फोटो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत वाचकांनी काढलेले फोटो छापून येतात. ते मी न चुकता पाहते. त्यासंबंधी एक विनंती आहे, पण आधी माझ्याच फोटोंविषयी थोडं सांगते.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मुलाचा जुना कॅमेरा माझ्याकडे आला. राहते सासवडला, त्यामुळे सोमवती अमावस्येला जेजुरी ठरलेली. पहिल्या वर्षी पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघाली तेव्हा सहाशेच्या वर फोटो काढले. घरी संगणकावर उघडले, तर भंडारा हळदीसारखा दिसेचना. लिंबाच्या सालीसारखा, सपाट. रंगाची पट्टी मागेपुढे ओढत बसले. वाढवली की भडक, उतरवली की मातकट. आठवडाभराने लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहिले, तेव्हा कोडं सुटलं. हळदीच्या रंगात लाल सर्वांत जास्त. भर उन्हात तो जेपेग फाइलच्या शेवटच्या पायरीला, २५५ला, जाऊन टेकला होता. हिरवा मात्र वर चढतच राहिला, म्हणून हळदीचं लिंबू झालं. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही, ते संगणक कुठून आणणार?

पुढच्या सोमवतीला एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा उजेड, थोडं खाली घेतलं आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं जवळपास सगळं जपून ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढले. एका आजींनी ओंजळ उधळली, त्या फोटोत भंडाऱ्याच्या ढगात खोबऱ्याचे तुकडे एकेक वेगळे दिसतात. तो फोटो पाहून मी खरोखर रडले.

कापाकापीनेही असंच शिकवलं. गर्दीच्या एका फोटोत कोपऱ्यात बापाच्या खांद्यावर बसलेला मुलगा होता, डोळे मिटून, दोन्ही मुठी भंडाऱ्याने भरलेल्या. बाकी सगळं कापलं तेव्हा फोटो झाला. पण ६००० बाय ४००० ठिपक्यांतले जेमतेम १५०० बाय १००० उरले. म्हणजे मी चार पावलं पुढे जायला हवी होती. अनोळखी माणसाच्या जवळ जायला मी बिचकते, हे मला त्या कापलेल्या कडांनी दाखवलं. आता आधी दोन शब्द बोलते, मग कॅमेरा उचलते.

एक चूकही कबूल करते. दीपमाळेच्या फोटोत विजेची तार आडवी येत होती. ती पुसली, मागचं एका दुकानाचं पत्र्याचं छप्परही पुसलं. जेजुरीच्याच एका ओळखीच्या बाईंना हौसेने फोटो दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, आमचं दुकान कुठं गेलं?" घरी येऊन तार आणि छप्पर दोन्ही परत आणलं. उजेड कमीजास्त करणं, कडा कापणं मी आजही करते. होतं ते नाहीसं करणं सोडलं. २०१५मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीतले २० टक्के फोटो अशा फेरफारांमुळे बाद झाले होते. एवढ्या मुरलेल्या छायाचित्रकारांना जिथे मोह आवरला नाही, तिथे नवशिक्यांना कुणीतरी वेळीच सांगायला हवं.

म्हणून विनंती. महिन्यातून एकदा तरी वाचकाचा एकच फोटो दोन रूपांत छापावा: कॅमेऱ्यातून आला तसा आणि संस्कार केल्यावरचा. खाली त्याच वाचकाच्या चार ओळी, काय बदललं आणि का. जागा फार लागणार नाही. माझ्या पहिल्या सोमवतीचा लिंबू-पिवळा फोटो आणि बापाच्या खांद्यावरच्या मुलाचा न कापलेला फोटो, दोन्ही या पत्रासोबत पाठवत आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सासवड