स्पीकर बदलू नका, आधी छत बदला

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या शहरातील सांस्कृतिक सभागृहासाठी जास्त ताकदीचे नवे स्पीकर घेण्याचा प्रस्ताव असल्याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. ते घेऊ नयेत, निदान इतक्यात नकोत, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी या सभागृहाचे नूतनीकरण झाले. कौले, कौलांखालच्या लाकडी फळ्या, काथ्याच्या चटया असे जुने सगळे गेले. आता ग्रॅनाइटची फरशी, भिंतींना टाइल्स, वर पीओपीचे छत आणि दोन्ही बाजूंना मोठमोठ्या काचा आहेत. दिसायला झकास. भाषण मात्र विहिरीतून आल्यासारखे ऐकू येते. मी श्रवणयंत्र लावतो, त्यामुळे घरच्यांनी आधी दोष माझ्या कानांनाच दिला. व्याख्यानमालेत शेजारी बसलेली बारावीतली नात 'आजोबा, काय म्हणाले ते?' असे विचारू लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे मला गप्प बसवेना. एका दुपारी दोन मुलांना घेऊन रिकाम्या सभागृहात गेलो आणि एक मोठा फुगा फोडला. आवाज पुरता विरेपर्यंत माझे सहा आकडे मोजून झाले. वॉचमन धावत आला, ती गोष्ट वेगळी.

नववीच्या पुस्तकात याला निनाद म्हटले आहे. वक्त्याचा शब्द आपल्याकडे थेट येतो आणि मग भिंती, फरशी, छत यांच्यावर आपटत पुन्हा पुन्हा येत राहतो. बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो. स्वर दमदार असतात, व्यंजने नाजूक. आधीच्या अक्षराचा 'आ' हवेत घुमत असताना पुढचा 'त' किंवा 'क' त्याखाली दबून जातो, मग 'काल', 'गाल', 'ताल' सगळे सारखेच. त्यात आमचे सभागृह ३० मीटर लांब. आवाज मागच्या भिंतीवर आपटून मंचावर परत यायला सुमारे ०.१७ सेकंद लागतो आणि स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकून नवखा वक्ता अडखळतो. स्पीकरचा आवाज वाढवला की थेट शब्दही वाढतो आणि घुमणेही त्याच प्रमाणात वाढते. पैसे खर्च होतात, शब्द कळत नाही तो नाहीच.

हे कोडे नवे नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि तिथे काहीच कळेना. उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आले. रात्री, सगळे शांत झाल्यावर, तो शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचा. गाद्या वाढवाव्यात तसा वेळ कमी व्हायचा. यातून त्याने जे सूत्र काढले ते आजही वापरात आहे. खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणायचे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागायचे. उत्तर येते ते आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद. शोषण मोजायचे ते उघड्या खिडकीच्या मापाने, कारण खिडकीबाहेर गेलेला आवाज परत येत नाही.

आता आमचा हिशेब. सभागृह ३० × १५ × ६ मीटर, म्हणजे घनफळ २,७०० घनमीटर. सगळे पृष्ठभाग मिळून १,४४० चौरस मीटर भरतात. टाइल, ग्रॅनाइट, पीओपी आपल्यावर आलेल्या आवाजाचा जेमतेम चार टक्के भाग गिळतात, म्हणून रिकाम्या सभागृहाचे उत्तर साडेसात सेकंद येते. एक माणूस सुमारे ०.४५ चौरस मीटर खिडकीचे काम करतो. तीनशे श्रोते आले तर निनाद सव्वादोन सेकंदांवर येतो, पन्नासच आले तर साडेपाच सेकंदांच्या आसपास राहतो. (व्याख्यानमालेला किती येतात, ते लिहीत नाही.) भाषणाला एक सेकंदाच्या आसपासचा निनाद हवा. ४५० चौरस मीटरचे छत साठ टक्के आवाज शोषणाऱ्या खनिज तंतूंच्या पॅनेलचे केले, तर तीनशे श्रोत्यांसह तो जवळजवळ एक सेकंदावर येतो आणि पन्नास श्रोत्यांतही सव्वा सेकंदाच्या थोडा वर राहतो. म्हणजे केवळ छत बदलून काम होते.

मागच्या भिंतीवरही असेच पॅनेल लावावेत, वक्त्याकडे परतणारा आवाज त्याने थांबेल. काचांवर जाड पडदे हवेत, पण सरकवता येतील असे. गाण्याला भाषणापेक्षा थोडा जास्त निनाद लागतो. पूर्ण कोरड्या खोलीत तानपुराही केविलवाणा वाटतो.

कुणीतरी अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम सुचवेलच. त्यांनी फक्त वरच्या पट्टीतला आवाज थोडा कमी होतो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेतीन मीटरच्या आसपास असते, तिला इंचभर फोम काय करणार? तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा तसाच राहील. फोम पेटतोही लवकर. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पॅनेल आग न पकडणारेच हवेत.

स्पीकर घ्यायचेच असतील तर छतानंतर घ्यावेत, आणि मंचावर दोन अजस्र खोकी ठेवण्याऐवजी थोडे लहान स्पीकर श्रोत्यांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड करून, हळू आवाजात लावावेत.

सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी भारतीय मानक २५२६ हे १९६३ पासून आहे. संबंधितांनी निविदेत निनादाचे सेकंद लिहावेत आणि काम संपल्यावर ते मोजून मगच ठेकेदाराचे बिल काढावे. मोजायला बोलावले तर मी विनामूल्य येईन. फुगे माझे, पण वॉचमनला आधी कळवावे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
जि. सातारा