सर्ट्रालिन देताना एवढे तरी सांगा

महोदय,

नैराश्यावरची गोळी म्हणजे झोपेची गोळी, हा समज अजून गेलेला नाही. सर्ट्रालिन हे औषध नैराश्याखेरीज पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका) आणि मंत्रचळ (तेच तेच विचार किंवा कृती पुन्हा पुन्हा होण्याचा आजार) यांवरही देतात. गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी, झोपमोड मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होऊ शकते. ‘औषध सोसत नाही’ म्हणून रुग्ण नेमका तेव्हाच ते सोडून देतो, याची फार हळहळ वाटते, कारण हा त्रास बहुतेकदा ओसरतो.

लैंगिक इच्छा कमी होणे मात्र टिकून राहू शकते. त्याबद्दल रुग्ण संकोचाने बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनीच विचारावे. डोस किंवा औषध बदलून मार्ग निघू शकतो. २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांना याची कल्पना हवीच.

बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद केली, तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावा लागतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके सोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, हेही चिठ्ठी लिहितानाच सांगितले जावे.

– एक वाचक