अनुदान अर्जाच्या महिन्यापासून मोजा: सामाजिक न्याय मंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

दिव्यांगांचे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरून देणे, त्रुटी निघाल्या की त्यांची पूर्तता करणे आणि पैसे अडकले की बँक आणि तहसील कार्यालय अशा दोन्हीकडे पाठपुरावा करणे, हे काम आम्ही नाशिक जिल्ह्यात करतो. त्यातून जे दिसते त्यावरून आपल्याकडे एक मागणी आहे. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या समितीने ज्या महिन्यात मंजुरी दिली त्या महिन्यापासून अनुदान न देता, अर्ज दाखल झाला त्या महिन्यापासून ते द्यावे, आणि मागचे पैसे निघत असतील तर त्यांचा महिनावार हिशोब लाभार्थ्याच्या हातात लेखी पडावा.

ऑक्टोबर २०२५ पासून संजय गांधी आणि निराधार वृद्धांसाठीची श्रावणबाळ या दोन्ही योजनांतील दिव्यांगांचे अनुदान दरमहा १,५०० वरून २,५०० रुपये झाले. हा निर्णय चांगला आहे, त्याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे. पण रक्कम वाढली तशी उशिराची किंमतही वाढली.

हिशोबच मांडतो. समजा, एका माणसाने मार्च २०२५ मध्ये सगळ्या कागदांसह अर्ज दिला. दिव्यांगत्व ६० टक्के, वय १८ ते ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांहून जास्त वास्तव्य, कुटुंबाचे उत्पन्न ५० हजारांच्या आत. मंजुरी मिळाली नोव्हेंबरमध्ये आणि पैसे तेव्हापासून सुरू झाले. मार्च ते सप्टेंबर हे सात महिने १,५०० च्या दराने १०,५०० रुपये आणि ऑक्टोबरचे २,५००, म्हणजे १३,००० रुपये त्याच्या हातचे गेले. या आठ महिन्यांत त्याचे दिव्यांगत्व तेवढेच होते, घरची कमाई तेवढीच होती. राहिली होती ती फक्त समितीची बैठक.

बैठक का राहते, हे आपल्याला सांगायला नको. अशासकीय सदस्यांच्या नेमणुका रखडतात, निवडणुकीची आचारसंहिता लागते, पुरेसे अर्ज जमेपर्यंत थांबले जाते. यातल्या एकाही कारणाला अर्जदार जबाबदार नाही, पण भुर्दंड त्यालाच बसतो. त्यातून उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत दिलेला अर्ज मे महिन्यात समितीपुढे आला की दाखला जुना झाला म्हणून अर्ज त्रुटीत टाकला जातो, आणि बऱ्याचदा ही त्रुटी अर्जदाराला लेखी कळवली जात नाही. तो दोन महिन्यांनी चौकशीला येतो तेव्हा समजते. मग नवा दाखला, नवी तारीख, नवी रांग. दाखला पुन्हा मागायचा असेल तर मागा, पण पहिल्या पावतीवरची तारीख कायम ठेवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

अर्जाच्याही आधी प्रमाणपत्राचा टप्पा येतो. यूडीआयडी (दिव्यांगांचे केंद्राचे ओळखपत्र) पोर्टलवर नोंदणी करायची, रुग्णालयाची तारीख घ्यायची, तपासणी, टक्केवारी आणि मग कार्ड. केंद्राने २०२४ मध्ये नियम बदलून प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिने केली. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या माणसाचा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात येऊन जाण्यात पूर्ण दिवस मोडतो, सोबतच्या माणसाची मजुरीही बुडते. तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी रजेवर असले की पुन्हा खेप. पोर्टलवरची नोंदणी आणि तहसीलचा अर्ज एकाच वेळी स्वीकारता येईल, आणि प्रमाणपत्र आल्यावर ते पात्रतेला लागणाऱ्या ४० टक्क्यांचे किंवा त्यापुढचे असेल तर पहिली तारीख धरता येईल. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, नोंदणी क्रमांक आजही प्रत्येकाला मिळतो.

टक्केवारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे होणारी चूक वर्षानुवर्षे उघड होत नाही. एकापेक्षा जास्त प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर आकडे सरळ मिळवत नाहीत. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतले सूत्र असे: मोठी टक्केवारी घ्यायची, ती ९० मधून वजा करायची, आलेल्या आकड्याला लहान टक्केवारीने गुणून ९० ने भागायचे आणि उत्तर मोठ्या टक्केवारीत मिळवायचे. एखाद्याचे दृष्टीचे दिव्यांगत्व ३० टक्के आणि श्रवणाचे २० टक्के असेल, तर ९० वजा ३० म्हणजे ६०, गुणिले २०, भागिले ९०, म्हणजे १३.३. एकूण ४३.३ टक्के. हा माणूस कायद्याने पात्र आहे. पण त्याची तपासणी फक्त डोळ्यांच्या विभागात झाली आणि ३० टक्क्यांचे प्रमाणपत्र हातात पडले, तर तहसील कार्यालय त्याला परत पाठवणार आणि कागदावर ते बरोबरच ठरणार. मधुमेहाने नजर आणि पायाची बोटे दोन्ही गेलेली माणसे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असून ऐकायलाही कमी येणारी मुले, यांच्या बाबतीत हे हमखास घडते. नोंदणी करतानाच दुसरा काही त्रास आहे का, हे विचारून दोन्ही विभागांकडे पाठवण्याची सक्ती करावी. पुढे एकत्रित टक्केवारी ४० च्या वर निघाली तर पहिल्या नोंदणीची तारीख धरली जावी.

मुदतीच्या प्रमाणपत्रांचेही असेच. प्रमाणपत्राची मुदत संपली की अनुदान थांबते आणि फेरतपासणीची तारीख मिळते काही महिन्यांनी. तपासणीत पूर्वीचीच टक्केवारी कायम राहिली, तरी मधले महिने कोणी भरून देत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना याचा जास्त फटका बसतो, आणि आपल्या आदिवासी तालुक्यांत असे रुग्ण आहेत. मुदत संपण्याआधी फेरतपासणीसाठी नोंदणी केली असेल तर निकाल येईपर्यंत अनुदान चालू राहिले पाहिजे.

आता उत्पन्नाची अट. दिव्यांगांसाठी ती वार्षिक ५० हजार रुपये आहे आणि ती पूर्ण कुटुंबाची आहे. महिन्याला ४,१६६ रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज होता. घरातल्या एकाच माणसाने १६० दिवस काम केले तर ४९,९२० रुपये होतात, १६१ व्या दिवशी मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे खरे उत्पन्न लिहिणारा कष्टकरी अपात्र, आणि पात्र व्हायचे तर खोटा आकडा लिहायचा. लोकांना खोटे बोलायला लावणारी अट ठेवू नये. आपल्याच सरकारच्या लाडकी बहीण योजनेत ही मर्यादा अडीच लाख रुपये आहे. साठ हजार उत्पन्नाच्या घरातल्या दिव्यांग स्त्रीला त्या योजनेचे १,५०० मिळतात, पण दिव्यांग म्हणून २,५०० मिळत नाहीत. दोन्ही मर्यादा सारख्या करणे हा धोरणाचा निर्णय आहे, तो आपण घ्यावा अशी आमची ठाम विनंती आहे.

मागचे पैसे देताना या दोन योजनांचा मेळ कसा घालायचा, हेही शासन निर्णयात स्पष्ट लिहावे लागेल. अर्ज प्रलंबित असताना ज्या बाईला लाडकी बहीणचे हप्ते मिळाले, तिला त्याच महिन्यांचे दिव्यांग अनुदान पूर्ण देता येणार नाही. त्या महिन्यांचे १,५०० वजा करा, ते रास्त आहे. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या महिन्यांना तरीही १,००० रुपये निघतातच. पण हे वजावटीने जागच्या जागी मिटवावे. वसुलीची नोटीस घरी आली की बाई दोन्ही योजना सोडून देते.

मंजुरीनंतरही पैसे खात्यापर्यंत पोचतीलच असे नाही. आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात, पैसे जातात ते अर्जावर लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर ज्या खात्याला आधार शेवटचे सीड झाले, म्हणजे जोडले गेले, त्या खात्यात. लोक तहसीलला एका बँकेचे पासबुक देतात, आणि आधार मात्र कुठल्या तरी जुन्या जनधन खात्याला जोडलेले असते. केवायसी केली म्हणजे सीडिंग झाले, असाही समज आहे; ही दोन वेगळी कामे आहेत. आधार संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहिली की कोणत्या बँकेत पैसे जातात ते दिसते, तहसीलच्या कर्मचाऱ्याने अर्ज घेताना हे दोन मिनिटांत तपासावे. खाते निष्क्रिय असेल किंवा आधारवरचे आणि यूडीआयडीवरचे नाव जुळत नसेल तरीही व्यवहार अडकतो. असे अडकलेले हप्ते दोष दूर झाल्यावर आपोआप यायला हवेत. प्रत्यक्षात चालू महिन्याचा हप्ता येतो आणि मागचे कुठे गेले ते कोणी सांगत नाही.

बोटांच्या ठशांचा प्रश्न वेगळाच आहे. कुष्ठरोगातून बरे झालेल्या माणसाची बोटे झिजलेली असतात, ठसा उमटत नाही. यंत्रावर चार वेळा अंगठा दाबून चारही वेळा लाल दिवा लागतो आणि मागची रांग कुरकुरायला लागते. आधारमध्ये बायोमेट्रिक अपवादाची सोय आहे, बुबुळाच्या पडताळणीची सोय आहे. ती केंद्रावर बसलेल्या मुलाला माहीत असली पाहिजे. बौद्धिक दिव्यांग किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलामुलींना अठरा वर्षे पूर्ण झाली की खाते चालवायला बँका कायदेशीर पालकत्वाचा कागद मागतात. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ नुसार तो देणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तिची बैठक लांबली तरी अनुदान थांबते, म्हणून तिलाही मुदत हवी.

वाढीव दराचा एक मुद्दा तातडीचा आहे. २,५०० रुपये फक्त दिव्यांग म्हणून नोंद असलेल्यांना मिळतात. एखादी दिव्यांग स्त्री विधवा म्हणून मंजूर झाली असेल तर ती १,५०० वरच राहते, कारण तिच्या यूडीआयडीची नोंदच पोर्टलवर नाही. श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांग वृद्धांचेही तेच. दुरुस्ती झाल्यावर ऑक्टोबर २०२५ पासूनचा दरमहा १,००० रुपयांचा फरक द्या. सहा महिन्यांनी दुरुस्ती झाली तर सहा हजार.

त्याआधीच्या काळाचाही एक हिशोब आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम २४ सांगते की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुलै २०२३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत मात्र संजय गांधी योजनेत सगळ्यांना सरसकट १,५०० रुपये मिळत होते. २५ टक्के म्हणजे महिन्याला ३७५ रुपये, आणि महिने २७. माणशी १०,१२५ रुपये होतात. सरकारची आर्थिक क्षमता हा शब्दप्रयोग त्याच कलमात आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण किती द्यायचे याची खालची मर्यादा कायद्याने घालून दिली आहे, आणि विभागाने या २७ महिन्यांबद्दल आपली भूमिका तरी जाहीर करावी.

मागचे पैसे देण्याची प्रथा नाही, असे उत्तर आम्हाला मिळते. सैन्यातील दिव्यांग निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात, केंद्र सरकार विरुद्ध तरसेम सिंग या २००८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दर महिन्याला नव्याने घडणाऱ्या चुकीबाबत दाद मागायला उशीर झाला तरी हक्क संपत नाही; थकबाकी मात्र साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरती द्यावी. ते प्रकरण सैनिकाचे होते, पण तीन वर्षांची मर्यादा हा निराधार योजनेसाठीही व्यवहार्य नियम होऊ शकतो. अमर्याद मागचे पैसे आम्ही मागत नाही.

शासन निर्णय एका पानाचा पुरेल. अर्ज घेताच क्रमांक आणि तारीख असलेली पावती द्यावी. त्रुटी पंधरा दिवसांत लेखी कळवावी. समितीची बैठक महिन्याभरात झाली नाही तर तहसीलदारांनी मंजुरी द्यावी आणि समितीने पुढच्या बैठकीत ती पाहावी. मंजुरीच्या पत्रावर चार रकाने असावेत: महिना, लागू दर, दिलेली रक्कम, बाकी रक्कम. नामंजूर केले तर कोणत्या अटीत आणि किती फरकाने, ते लिहावे. "अपात्र" एवढाच शेरा मारू नये.

तोवर हे पत्र वाचणाऱ्या अर्जदारांसाठी: पावतीशिवाय अर्ज देऊन येऊ नका. पावती नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. अर्ज कुठे अडला ते कळत नसेल तर जोडपत्र 'अ' या नमुन्यात माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. "माझ्या अर्जाबाबत काय झाले" असे विचारू नका. फाइलच्या टिप्पणीची प्रत आणि अर्ज ज्या बैठकीपुढे ठेवला तिच्या इतिवृत्ताची प्रत मागा. तेवढ्यावरही हलले नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

नाशिक जिल्ह्याच्या पंधराही तालुक्यांत आज प्रलंबित असलेल्या अर्जांची यादी, दाखल झाल्याच्या तारखेसह, तहसील कार्यालयांच्या फलकावर लावण्याचा आदेश आपण या महिन्यात देऊ शकता. यादी लागली की तपासणीला आणि हिशोब मांडायला लागेल तितका वेळ आम्ही देऊ.

आपले,
दिव्यांगांचे अर्ज भरून देणारे नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्ते